कुटकी चोख, चिठ्ठी अपुरी

इंदूरच्या सियागंजलगतच्या एका छोट्या दुकानात मध्य प्रदेशच्या दिंडोरी जिल्ह्यातील कुटकी आणि कोदो ही भरडधान्ये सुटी व पाकिटबंद अशी दोन्ही मिळतात, आणि मालाच्या प्रतीबद्दल तक्रारीला फारशी जागा नाही. कुटकीला पॉलिश नसल्यामुळे दाणा करडा-पिवळसर दिसतो, रोळताना तळाशी चिमूटभरच खडे राहतात, आणि अडीचपट पाण्यात शिजवलेला भात मोकळा होऊन आमटीबरोबर छान लागतो. एकादशीला भगरीऐवजी ती आमच्याकडे चालली, अर्थात सासूबाईंनी दाणे निरखून पाहिल्यावरच. कोंड्यातील तेलामुळे कुटकी लवकर खवट होते, म्हणून महिनाभरापुरतीच न्या, असे दुकानदार स्वतःहून सांगतात.

खटकते ती पाकिटावरची चिठ्ठी. तिच्यावर ‘बैगांची पारंपरिक बेवर शेती’ असे छापले आहे. बैगा हा तिथला आदिवासी समाज. बेवर म्हणजे उन्हाळ्यात झाडोरा तोडून, वाळवून जाळायचा आणि नांगर न लावता राखेत कुटकी, कोदो, सिकिया, तूर असे मिश्र बियाणे फेकायचे. दोन-तीन वर्षांनी ती जागा सोडली की खुंटांना फुटवे येऊन रान पुन्हा उभे राहते. जागा बदलण्याची मुभा असेपर्यंतच हे चक्र चालते. इंग्रजी राजवटीत १८९० मध्ये बेवर बैगाचक या बैगांसाठी राखलेल्या, दिंडोरीतील पट्ट्याच्या मोजक्या गावांपुरती कोंडली गेली आणि इतरत्र बैगांना नांगराच्या कायम शेतीकडे वळावे लागले. जमीन पडीक ठेवण्याचा काळ आखडला की उतारावरची माती धुपते, एक पीक गेले तरी दुसरे हाती लागेल हा भरवसा जातो आणि मजुरीसाठी घर सोडावे लागते. वाणही नाहीसे होतात. सिलपडी गावच्या लहरीबाईंनी भरडधान्यांचे दीडशेहून अधिक वाण घरात जपले, ते याच पार्श्वभूमीवर. २०१५ साली बैगाचकमधील बैगांना अधिवास हक्क, म्हणजे परंपरेने राहत आलेल्या प्रदेशावरचे हक्क, मिळाले खरे, पण शहरात येणारी बरीचशी कुटकी नांगरलेल्या शेतातलीच असणार, असा माझा कयास आहे.

दुकानदारांना विचारले तेव्हा, पोती व्यापाऱ्याकडून येतात, गाव ठाऊक नाही, असे त्यांनी सरळ सांगितले. मग बेवरच्या नावावर सुट्या मालाच्या जवळपास दीडपट भाव कशासाठी? गाव, हंगाम आणि शेताचा प्रकार छापला जाईपर्यंत कुटकी सुटीच घ्यावी. दाणा तोच आहे.