क्लाउड चेंबरचा संच: वस्तू चांगली, खोक्यावरचा दावा खोटा

क्लाउड चेंबर म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या विद्युतभारित कणांची वाट धुक्याच्या रेघेसारखी दाखवणारी पेटी. शाळा-कॉलेजांना प्रयोगशाळेचं साहित्य पुरवणाऱ्या कोल्हापुरातल्या एका दुकानात तिचा संच मिळतो. खोक्यावर ठळक छापलंय, ‘स्ट्रेंज मॅटर घरबसल्या पाहा’. ते दिसणार नाही. बाकी जे दिसतं ते मात्र नाद खुळा.

आत २० सेंमी चौरस पारदर्शक पेटी, काळा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, फेल्टच्या पट्ट्या आणि एलईडी बॅटरी. ड्राय आइस (गोठलेला कार्बन डायऑक्साइड) आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल आपलं आपण आणायचं. अल्कोहोल ९९ टक्क्यांचंच हवं. ७० टक्केवाल्यातलं पाणी पत्र्यावर पांढरं गोठतं आणि रेघा झाकल्या जातात. फेल्टमध्ये २५ मिली मुरवा, पत्रा ड्राय आइसच्या सपाट लादीवर ठेवा आणि पंधरा मिनिटं हात लावू नका. तळाशी बारीक तुषार पडू लागले की खोलीतले दिवे घालवून बॅटरी आडवी धरा. जाड, आखूड रेघ अल्फा कणाची (किरणोत्सारी पदार्थांतून निघणारा), लांब सरळ म्युऑनची (वैश्विक किरणांमुळे वातावरणात तयार होणारा कण), वेडीवाकडी इलेक्ट्रॉनची. दर चौरस सेंमीतून मिनिटाला साधारण एक म्युऑन जातो, पण बहुतेक वरून खाली येतात आणि रेघ उमटणारा थर जेमतेम सेंटिमीटरभर, म्हणून बरेचसे नुसते ठिपके वाटतात.

खोडी दोन. फेल्ट ग्लू-गननं चिकटवलंय आणि अल्कोहोल तोच गोंद सोडवतं, त्यामुळे पट्टी खाली पडते. स्टीलच्या तारेचे आकडे करून टांगा. दुसरं, पत्रा पातळ, मधे फुगलेला. जिथे बर्फाला टेकत नाही तिथे काहीच उमटत नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखान्यात ५ मिमीची प्लेट फेसिंग करून, म्हणजे मशीनवर सपाट करून, घेतली की काम झालं. खिडक्या उघड्या ठेवा, आणि ड्राय आइसच्या डब्याला टेप लावू नका, वायूच्या दाबानं फुटतो.

आता तो दावा. १९४७ साली मँचेस्टरला रोचेस्टर आणि बटलर या भौतिकशास्त्रज्ञांना क्लाउड चेंबरच्या सुमारे ५००० फोटोंत नव्या कणांच्या खुणा दोनदाच सापडल्या. ते स्ट्रेंज कण, क्षणात मोडणारे. स्ट्रेंज मॅटर वेगळं: प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्यांचे बनतात त्या क्वार्क नावाच्या कणांपैकी अप, डाउन आणि स्ट्रेंज हे तीन प्रकार जवळपास सारख्या संख्येनं असलेला सलग गोळा. अपचा विद्युतभार अधिक २/३, इतर दोघांचा उणे १/३, बेरीज शून्याच्या आसपास. त्यामुळे अणुकेंद्रातल्या प्रोटॉनांसारखी ढकलाढकल जवळपास नाहीच. हा पदार्थ लोखंडाच्या अणुकेंद्रापेक्षाही स्थिर असू शकेल, असं भौतिकशास्त्रज्ञ विटेन यांनी १९८४ साली मांडलं. अजून सापडलेला नाही. शोध मुख्यतः न्यूट्रॉन ताऱ्यांच्या पोटात चाललाय, खोक्यात नाही.

घेताना दुकानातच स्टीलची पट्टी पत्र्यावर आडवी ठेवून बघा. खालून उजेड दिसला तर दुसरा पत्रा मागा.