संकरित जास्वंद : अकरा महिन्यांनंतर

तिसऱ्या महिन्यात मी हे झाड उपटायच्या बेतात होते. आणलं तेव्हा त्यावर तळहाताहून मोठी दोन फुलं होती, कडेला पिवळी, मध्ये गर्द लाल. दुसऱ्या दिवशी ती मिटली, ते ठीकच. जास्वंदीचं फूल बहुधा एकाच दिवसाचं. काही संकरित जातींचं दोन-तीन दिवस टिकतं, माझ्या झाडाचं नाही. पण नंतर कळ्या भरभरून यायच्या आणि उमलायच्या आधीच देठासकट खाली पडायच्या.

आधी संशय पाण्यावर. कडक उन्हात कुंडी सुकली की कळ्या गळतात हे खरं, म्हणून सकाळ-संध्याकाळ पाणी सुरू केलं. खालची पानं पिवळी पडली, एवढंच झालं. मग फुलांसाठी म्हणून स्फुरद (फॉस्फरस) भरपूर असलेलं खत घातलं. ती त्याहून मोठी चूक. जास्वंदीला जास्तीचं स्फुरद मानवत नाही, तिची भूक पालाशची (पोटॅशची).

शेवटी वैतागून एक गळलेली कळी नखाने फाडली. आत बारीक पांढुरक्या-पिवळ्या अळ्या वळवळत होत्या. चिलटाएवढी माशी कळीत अंडी घालते, अळ्या आतून कळी पोखरतात आणि कळी पडली की मातीत शिरून कोषात जातात. म्हणजे पडलेल्या कळ्या कुंडीतच राहू देऊन मी त्यांची सोयच करत होते! तेव्हापासून रोज सकाळी पडलेल्या आणि पिवळ्या पडू लागलेल्या कळ्या वेचते, पिशवीत घट्ट बांधून टाकते. कुंडीतली वरची बोटभर मातीही बदलली. औषध मारलं नाही, कारण वरून मारलेला फवारा बंद कळीत पोचतोच असं नाही. दीडेक महिन्यात गळ थांबली. अगदी शून्य नाही, पण आता आठवड्याला पाच-सहा फुलं मिळतात.

पिठ्या ढेकूण (पिठासारखी पांढरी कीड) येतोच. खोडावर मुंग्यांची रांग दिसली की शेंडे तपासा. पाण्याचा जोरदार फवारा आणि संध्याकाळी कडुनिंबाचं तेल, माझं तेवढ्यावर भागलं. छाटणीला घाबरू नका, फूल नव्या फुटीवरच येतं. मात्र छाटल्यावर मला दोनेक महिने नुसती पानंच बघावी लागली.

शेजारच्या कुंडीतल्या साध्या लाल जास्वंदीसाठी यातलं काहीएक करावं लागलेलं नाही, ही माझी खरी तक्रार. तरी केशरी रंगाचं एक संकरित रोप हेरून ठेवलंय. घेण्याआधी त्याची एक कळी फाडून बघणार आहे, विकणारा रागावला तरी.