सिंथ-पॉप अल्बम स्वतः काढताना: आधी बँडकॅम्प की स्पॉटिफाय?
इंदूरच्या रामबागेत, घरातल्या खोलीत लॅपटॉपवर मराठी सिंथ-पॉप (सिंथेसायझरच्या सुरांवर उभं असलेलं पॉप) अल्बम पुरा करणाऱ्या गायिकेनं तो आधी कुठे द्यावा? माझं मत ठाम आहे: बँडकॅम्पवर, म्हणजे कलाकार जिथे आपलं संगीत थेट श्रोत्यांना विकतात त्या साइटवर. डिजिटल विक्रीतले १५ टक्के ते घेतात, पेमेंटचा खर्च वेगळा. उरलेले पैसे तिचे. किंमतही तीच ठरवते. शिवाय घेणाऱ्याला फ्लॅक फाइल (आवाजातलं काहीही न गाळणारी) मिळते, आणि सिंथचे लांब, थरावर थर चढवलेले सूर तिच्यात जसेच्या तसे उतरतात. एवढी मेहनत त्या थरांवरच तर झालेली असते!

स्पॉटिफायसाठी गाणी अशा ॲप्सपर्यंत पोचवणारा वितरक लागतो. २०२४ पासून १२ महिन्यांत किमान १,००० वेळा न ऐकलेल्या गाण्याला तिथे रॉयल्टी नाही. पण सराफ्यात भेटलेली मैत्रीण ‘कुठे ऐकू गं?’ विचारते, तेव्हा तिच्या फोनवर तेच ॲप असतं. म्हणून महिनाभरानं तिथेही द्यावा.