झेनोपसचं व्ही१० अ‍ॅनोटेशन, बरेच महिने वापरून: जीन भरपूर, शेपट्या तोकड्या

व्ही१० म्हणजे झेनोपस ट्रॉपिकॅलिस या बेडकाच्या जीनोमची दहावी आवृत्ती, आणि अ‍ॅनोटेशन म्हणजे त्यात कुठला जीन कुठे सुरू होतो नि कुठे संपतो याची यादी. जीनोम केवढा, गुणसूत्रं किती, हे इथे वाचणाऱ्यांना सांगायची गरज नाही. पावसाळ्यापासून ही यादी असलेली जीटीएफ फाइल रोज उघडून काम केल्यावर काय वाटलं, तेवढं लिहिते. काम म्हणजे नाशिकला घरी बसून परदेशातल्या एका लॅबसाठी बेडकाच्या भ्रूणांचा सिंगल-सेल डेटा, म्हणजे एकेका पेशीत कुठल्या जीनचा आरएनए किती, ते मोजून देणं. झेनोपस ट्रॉपिकॅलिस मी टाकीतसुद्धा पाहिलेला नाही. आमच्याकडे जून-जुलैत गोदाकाठी ओरडतात ते वेगळे.

लॅबकडून निरोप आला, ‘हा जीन या पेशींत दिसत नाही, तुमचं मोजणं पुन्हा तपासा.’ सोबत त्यांचाच इन-सिटूचा (भ्रूणात आरएनए असेल तिथे रंग चढवणारी पद्धत) फोटो, त्यात नेमक्या त्याच जागी गडद जांभळा पट्टा. म्हणजे आरएनए आहे आणि माझ्या तक्त्यात शून्य. डोकं सटकलं, म्हणून हा रिव्ह्यू.

जीनोम पडद्यावर दाखवणाऱ्या आयजीव्हीत तो भाग उघडला. रीड्सचा, म्हणजे मशीनने वाचलेल्या आरएनएच्या तुकड्यांचा, चांगला डोंगर होता, पण फाइलच्या मते जीन जिथे संपतो त्याच्या हजारभर बेस (डीएनएची अक्षरं) पुढे. आपली किट आरएनएला पॉली-ए शेपटीकडून (आरएनएच्या शेवटची ए-ए-ए ची रांग) पकडते, त्यामुळे रीड्स त्याच, म्हणजे ३ प्राइम, टोकाशीच गोळा होतात. ते टोक, म्हणजे जीनची शेपटी, फाइलमध्ये आखूड लिहिलं असेल तर रीड्स कोणाच्याच खात्यात जमा होत नाहीत. पैसे भरले, पावती मिळाली, पासबुकात मात्र नोंद नाही, असला प्रकार. इन्ट्रॉन (जीनमधले, आरएनएतून कापून टाकले जाणारे भाग) मोजायचा पर्याय चालू करून बघा असं हमखास सुचवलं जातं. काही फरक पडत नाही, कारण हे रीड्स जीनच्या हद्दीतच नाहीत.

बाकी व्ही१० बद्दल तक्रार करायला जीभ रेटत नाही. २०१० साली पहिला जीनोम छापून आला तेव्हा तो हजारो तुकड्यांत होता, एकाच जीनचं डोकं एका तुकड्यात आणि धड दुसऱ्यात. २०१९ ची ही आवृत्ती लाँग-रीडवर, म्हणजे डीएनएचे लांब तुकडे वाचून, उभी आहे, दहाही गुणसूत्रं सलग. पीओयू५एफ३ ची तीन भावंडं एकमेकांना चिकटून बसलेली आहेत, जुन्या पेपरांत त्यांना ऑक्ट९१, ऑक्ट२५, ऑक्ट६० म्हणायचे. अशा जागी सलग जीनोम असला की डोळे मिटून विश्वास ठेवता येतो असं नाही, पण निदान कोण कुठे बसलंय ते कळतं.

नावांचं दुखणं आहेच. एनसीबीआय या डेटाबेसच्या फाइलमध्ये नाव नसलेले, नुसतं एलओसी आणि पुढे लांबलचक आकडा असलेले जीन ढिगाने आहेत, आणि बरीच मॉडेलं एक्सएम, म्हणजे संगणकाने अंदाजाने बांधलेली. झेनबेस या झेनोपसच्या डेटाबेसवर जाऊन एकेक नाव जुळवावं लागतं. एन्सेम्बल या दुसऱ्या डेटाबेसची फाइल घेतली तर त्याच जीनचा शेवट तिसऱ्याच ठिकाणी. दोन्ही वापरून मी एनसीबीआयवर थांबले, केवळ शेपट्या जरा बऱ्या म्हणून.

इथपर्यंतचा मजकूर आधीच लिहून ठेवला होता आणि दोनच तारे द्यायचे ठरवलं होतं. मग अंड्याच्या आणि पहिल्या काही विभाजनांच्या अवस्थेतले जीन पाहिले आणि तीनवर आले. तिथे आकडे कमी येतात त्याचं सगळं खापर फाइलवर फोडता येत नाही. आईकडून आलेले बरेच एमआरएनए (प्रथिनाचा निरोप नेणारे आरएनए) अंड्यात आखूड पॉली-ए घेऊन पडून असतात आणि नंतर कधीतरी त्यांची ती पॉली-ए शेपटी वाढते. पॉली-ए पकडणाऱ्या किटमधल्या ऑलिगो-डीटीला ते आधी सापडत नाहीत, मग अचानक सापडू लागतात. भ्रूणाचे स्वतःचे जीन तर मोठ्या प्रमाणावर चालू होतात ते साधारण १२ विभाजनांनंतर, मिड-ब्लास्टुला या अवस्थेला. त्याआधी आलेख वर चढला म्हणजे जीन चालू झाला असं समजून कोणी नाचू नये.

शेवटी फाइलमधल्या जीनच्या शेपट्या मीच वाढवल्या. सगळ्या जीनना सरसकट पाच हजार बेस जोडा, असा एक सल्ला फिरतो. कृपा करून नको. डीएनएच्या त्याच धाग्यावरचा पुढचा जीन जवळ असला की दोघांची हद्द एकमेकांवर चढते, रीड नक्की कोणाचा ते ठरत नाही, आणि प्रोग्राम तो सरळ टाकून देतो. मी बघते ते असं: साध्या आरएनए-सेकमध्ये (यात रीड्स जीनभर पसरलेले असतात) जीनपासून त्या डोंगरापर्यंत रीड्सची सलग माळ आहे का, आणि टोकाच्या १० ते ३० बेस आधी एएटीएएए ही शेवटाची खूण आहे का. शिवाय टोकाला लागून जीनोममध्येच ए-ए-ए ची रांग नसावी. असली तर ऑलिगो-डीटी तिथेच चिकटलेला असतो आणि तो शेवट खोटा निघतो. हे सगळं स्क्रिप्टने होतं, पण लॅबच्या लाडक्या जीनांसाठी डोळे फोडावेच लागतात. तो जांभळा पट्टावाला जीन आता झकास मोजला जातो.

लॅपटॉपचंही सांगते, कारण दर वेळी फाइल बदलली की इंडेक्स नव्याने. रीड्स जीनोमवर बसवणाऱ्या स्टार या प्रोग्रामचा इंडेक्स एका बेसला सुमारे दहा बाइट खातो. जीनोम १.४५ गीगाबेसचा (१४५ कोटी बेस), म्हणजे साडेचौदा जीबी रॅम, आणि माझ्याकडे सोळा. ब्राउझर उघडा राहिला की मशीन बसलंच. कॉलेज रोडवरचा दुकानदार म्हणाला, ‘मॅडम, यात रॅम वाढत नाही, नवीन घ्या.’ नवीन कशाला? स्टारचं जीनोम-एसए-स्पार्स-डी हे सेटिंग २ वर ठेवलं, इंडेक्स लहान झाला, वेग थोडा गेला, पैसे वाचले. झेनोपस लेव्हिस या दुसऱ्या जातीवर काम करणाऱ्यांना मात्र हा जुगाड पुरेलसं वाटत नाही. २.७ गीगाबेस, त्यात अर्ध्याहून जास्त जीनच्या एल आणि एस अशा दोन-दोन प्रती. एकीची शेपटी पूर्ण आणि दुसरीची तोकडी निघाली, तर एल चालू आणि एस बंद असा शोध लावून पेपर लिहायला लोक मोकळे.

चुकीच्या मॉडेलांची यादी झेनबेसच्या क्युरेटरना पाठवते आहे. वाढवलेल्या फाइलचे तास लॅबच्या बिलात वेगळे लावलेत. ‘हे तर फाइलमध्ये आधीच असायला हवं होतं ना?’ असं उत्तर आलंय. बिल तसंच ठेवलंय.