लीजनेअर्स न्यूमोनिया: अझिथ्रो की लिव्हो, आणि रुग्ण बरळत असेल तेव्हा?

कोकणात पावसाळ्यात ताप, अंगदुखी आणि खोकला घेऊन माणूस आला की आम्हा डॉक्टरांच्या डोक्यात ठरलेली नावं येतात. लेप्टो, डेंग्यू, स्क्रब टायफस, नाहीतर साधा न्यूमोनिया. लीजनेअर्स, म्हणजे लीजिओनेला नावाच्या जंतूमुळे होणारा न्यूमोनिया, त्या यादीत सहसा नसतो. चाचणीच केली नाही तर तो सापडणार तरी कसा? पण समजा लघवीचा नमुना मोठ्या लॅबला गेला आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, किंवा डॉक्टर नुसतं ‘शक्यता आहे’ म्हणाले, तर घरच्यांपुढे प्रश्न उभे राहतात. औषध कुठलं, अझिथ्रोमायसिन (अझिथ्रो) की लिव्होफ्लॉक्सासिन (लिव्हो) हे प्रतिजैविक? इथेच ठेवायचं की कोल्हापूरच्या किंवा गोव्यातल्या बांबोळीच्या मोठ्या रुग्णालयात हलवायचं? आणि सगळ्यात घाबरवणारा प्रश्न म्हणजे कालपर्यंत धड असलेला माणूस असं भलतंसलतं का बोलतोय?

औषध डॉक्टरच ठरवणार. पण ते ठरवायला लागणारी निम्मी माहिती घरच्यांजवळ असते आणि कुणी विचारलं नाही म्हणून ती सांगायची राहते. म्हणून हा आढावा घरच्यांसाठी आहे. तालुक्याच्या गावी नव्याने बसलेल्या डॉक्टरांनीही वाचायला हरकत नाही.

आधी, काय चालत नाही

१९७६ च्या जुलैमध्ये फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात ‘अमेरिकन लीजन’ या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन भरलं होतं. त्यानंतर न्यूमोनियाची साथ आली, ३४ जण दगावले आणि आजाराला संघटनेचंच नाव चिकटलं. जंतू सापडला तो जानेवारी १९७७ मध्ये. तोवर एक गोष्ट ध्यानात आली होती. ज्यांना एरिथ्रोमायसिन किंवा टेट्रासायक्लिन मिळालं ते तरले, पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं मिळालेल्यांना तसा फायदा झाला नाही.

कारण साधं आहे. लीजिओनेला हा जंतू फुप्फुसातल्या रोगप्रतिकारक पेशींच्या आतच वाढतो, चोराने पोलीसचौकीत बिऱ्हाड करावं तसा. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन, अमॉक्सिक्लॅव्ह, पिपरासिलिन, अगदी मेरोपेनेमसुद्धा त्या पेशीच्या आत पुरेसं काम करत नाही. त्यामुळे ‘भारी इंजेक्शनं चालू आहेत, तरी ताप हटत नाही’ असं झालं तर आणखी भारी इंजेक्शन मागू नका. ‘अझिथ्रो, लिव्हो किंवा डॉक्सी (डॉक्सिसायक्लिन) यांतलं काही चालू आहे का?’ एवढं विचारा.

अझिथ्रोमायसिन आणि लिव्होफ्लॉक्सासिन

मुख्य निवड या दोघांतच आहे. त्यांची थेट तुलना करणारी मोठी, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली चाचणी झालेली नाही. रुग्णांच्या नोंदींवरून झालेले अभ्यास एकत्र पाहिले तर मृत्यूच्या प्रमाणात ठळक फरक दिसत नाही. एरिथ्रोमायसिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन या जुन्या भावंडांच्या तुलनेत मात्र लिव्होने ताप लवकर उतरतो आणि रुग्णालयातला मुक्काम कमी होतो, असं काही अभ्यासांत दिसलं आहे. शिवाय ही भावंडं कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या आणि रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन यांच्याशी भांडतात. अझिथ्रो त्या मानाने शांत. म्हणून ती दोन इथे बाजूला ठेवतो.

तेव्हा प्रश्न ‘जास्त ताकदीचं कोणतं’ असा नसून ‘या माणसाला कोणतं’ असा आहे.

लिव्होचा डोस सहसा दिवसातून एकदा ७५० मिलिग्रॅम. तोंडावाटे घेतलं तरी ते जवळजवळ सगळं रक्तात पोहोचतं, त्यामुळे गिळता येऊ लागलं की सलाइनमधून गोळीवर येणं सोपं. मूत्रपिंड थकलेलं असेल तर डोसमधलं अंतर वाढवावं लागतं. अझिथ्रो रोज ५०० मिलिग्रॅम. गोळीतून रक्तात कमी जातं, पण पेशींमध्ये साठून राहतं आणि शेवटच्या डोसनंतरही काही दिवस काम करतं. गंभीर रुग्णाला आधी शिरेतून देतात, तेही तासभर तरी लावून. बाटली भराभर सोडायची नाही. उपचार किती दिवस? साधारण ७ ते १४, प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना २१ पर्यंत.

आता घरच्यांनी सांगायच्या गोष्टी. घरात कुणाला क्षय होता का, रुग्णाला महिनाभर खोकला आणि वजनात घट होती का? असेल तर लिव्हो जपून. ते क्षयाच्या जंतूला अर्धवट दाबतं, चार दिवस बरं वाटतं आणि खरं निदान लांबतं. आपल्याकडे ही शंका कधीच मोडीत काढता येत नाही. साखरेच्या गोळ्या, विशेषतः ग्लिमेपिराइड चालू आहे का? लिव्होने साखर एकदम खाली जाऊ शकते. पूर्वी झटके आले होते का? लिव्होने त्यांचा धोका वाढतो. साठीपुढच्या आणि स्टेरॉइड घेणाऱ्या माणसाला टाचेमागची शीर दुखू लागली तर लगेच सांगा, लिव्होने स्नायुबंध तुटल्याची उदाहरणं आहेत. आम्लपित्ताचं औषध, लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी लिव्होबरोबर दिली तर लिव्हो पोटातच अडकतं, म्हणून दोन तासांचं अंतर ठेवा.

हृदयाच्या बाबतीत दोघेही गुन्हेगार. ईसीजीतलं क्यूटी नावाचं अंतर दोन्ही औषधांनी लांबतं आणि ते फार लांबलं तर ठोके बिघडू शकतात. जुलाबांनी पोटॅशियम घसरलेलं असेल आणि वर उलटीसाठी ओंडानसेट्रॉन दिलं असेल तर धोक्यात भर पडते. म्हणून पहिल्या दिवशीच ईसीजी. दोन्ही औषधं एकत्र दिली की दुप्पट गुण येतो, असं अजून सिद्ध झालेलं नाही. क्यूटीची चिंता मात्र नक्की वाढते.

माझा कल सांगायचा तर, पावसाळा आहे, रिपोर्ट हाती नाही आणि लेप्टो किंवा स्क्रब टायफसही असू शकेल, अशा वेळी सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनच्या जोडीला अझिथ्रो. अझिथ्रो लीजिओनेला, लेप्टो आणि स्क्रब टायफस या तिन्हींवर चालतं, स्क्रब टायफसला लिव्होचा भरवसा नाही. लीजिओनेला पक्का झाला, आजार गंभीर आहे किंवा प्रतिकारशक्ती कमी आहे, क्षयाची शंका नाही आणि साखरेवर लक्ष ठेवता येतं, तर लिव्हो. गरोदर बाईला आणि मुलाला अझिथ्रो.

डॉक्सिसायक्लिनला लोक उगाच हलकं समजतात. सौम्य आजारात ते चालतं, लेप्टो-स्क्रबला तर ते हक्काचं आणि ईसीजी बिघडलेला असेल तेव्हा उपयोगी. खूप गंभीर रुग्णात एकट्या डॉक्सीवर मात्र मी विसंबणार नाही.

डोक्यावर परिणाम: आजाराचा, की औषधाचा?

साध्या न्यूमोनियापेक्षा हा आजार वेगळा पडतो तो इथे. जवळजवळ निम्म्या रुग्णांत मेंदू किंवा मज्जासंस्थेचं काही ना काही लक्षण दिसतं. सगळ्यात जास्त म्हणजे गोंधळ आणि डोकेदुखी. बायको सांगते, “हे असा कधी बोलनत नाय हो, डॉक्टर,” आणि हे महाशय वॉर्डात बसून होडी ओढायला माणसं बोलवत असतात. काहींना नसलेली माणसं दिसतात. काहींचा लहान मेंदू बिघडतो. खाटेच्या कडेला बसवलं तर धड डुलतं, बोट नाकाला लावायला सांगितलं तर गालावर जातं, जीभ जड होते. दारू प्यायल्यासारखं दिसतं आणि दारूचा वासही नसताना तसा शिक्का बसतो. कधी घरचे बाहेरची बाधा समजून गाऱ्हाणं घालायला निघतात. गाऱ्हाणं घाला, पण माणूस खाटेवरच राहू द्या.

गंमत अशी की मेंदूचा सीटी आणि पाठीतलं पाणी बहुधा ठीकठाक येतात. जंतू मेंदूत शिरतो असं सहसा दिसत नाही. विषारी घटक किंवा शरीराचीच प्रतिकारशक्ती याला कारण असावी, असा अंदाज आहे. एमआरआयमध्ये कधी मेंदूचे दोन भाग जोडणाऱ्या पट्ट्याच्या मागच्या टोकाला डाग दिसतो आणि तो बहुधा आपोआप जातो. क्वचित हातापायांच्या नसा लुळ्या पडतात. यासाठी वेगळं हुकमी औषध नाही. स्टेरॉइड वगैरे दिल्याची वर्णनं आहेत, ती सुट्या रुग्णांची. मुख्य इलाज तोच, योग्य प्रतिजैविक लवकर.

अडचण ही की लिव्होनेही माणूस गोंधळतो, म्हातारा आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर जास्तच. मग ओळखायचं कसं? तारीख-वेळ लिहून ठेवा. पहिल्या डोसच्या आधीपासून बरळत होता तर ते लिव्होच्या माथी मारता येत नाही आणि त्या कारणाने चालू लिव्हो थांबवू नये. ताप उतरतोय, श्वास सुधारतोय आणि चौथ्या दिवशी नव्याने गोंधळ किंवा झटका आला, तर लिव्होवर संशय घ्यायचा आणि अझिथ्रोवर जायचं. पण त्याआधी बोटाला टोचून साखर बघायची, ऑक्सिजन बघायचा, सोडियम बघायचं.

सोडियमवर थोडं जास्त बोलतो, कारण या आजारात ते वरचेवर घसरतं. १३५ च्या खाली गेलं की कमी, आणि बरंच खाली गेलं तर त्यानेच माणूस गुंगतो. अशा वेळी पाहुणे शहाळ्यांची रास आणतात. शहाळ्याच्या पाण्यात सोडियम थोडं आणि पोटॅशियम भरपूर, म्हणजे सोडियम घसरलेल्या आणि मूत्रपिंड थकलेल्या माणसाला नेमकं नको तेच. शहाळी पाहुण्यांनीच प्यावीत. आणि डॉक्टर सोडियम सावकाश वाढवत असतील तर घाई करू नका, एका दिवसात फार वर नेलं तर मेंदूलाच इजा होते.

दारूचंही खरं सांगा. रोज पिणारा माणूस दाखल झाला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, भास होतात. तो तिसराच प्रकार आणि त्याचा इलाज वेगळा. ‘कधीतरी घेतात’ या उत्तराने माझे कित्येक तास वाया गेले आहेत.

इथेच ठेवायचं, की हलवायचं?

न्यूमोनियाची गंभीरता मोजायच्या पाच खुणांत गोंधळ ही एक आहे. बाकीच्या चार म्हणजे रक्तात वाढलेला युरिया, मिनिटाला ३० किंवा जास्त श्वास, घसरलेलं बीपी आणि ६५ किंवा जास्त वय. दोन जमल्या की दाखल करायचं, तीन किंवा जास्त असतील तर अतिदक्षता विभागाचा विचार. तालुक्याच्या रुग्णालयात ऑक्सिजन, ईसीजी, सोडियम-क्रिएटिनिनची (क्रिएटिनिन मूत्रपिंडाचं काम सांगतं) तपासणी आणि रात्री डॉक्टर एवढं असेल, माणूस थोडा बरळतोय पण हाकेला ओ देतोय आणि ऑक्सिजन लावल्यावर रक्तातला ऑक्सिजन ९२ टक्क्यांच्या वर टिकतोय, तर इथे राहणं वाईट नाही. व्हेंटिलेटर किंवा डायलिसिस लागेलसं वाटलं, किंवा माणूस जागाच होत नाही, झटके येतात, पाय लुळे पडतायत, तर निघा. नुसत्या एमआरआयसाठी मात्र भर पावसात आंबा घाट चढू नका, त्याने पहिल्या दोन दिवसांचे उपचार सहसा बदलत नाहीत.

निघताना एक पाहा. अझिथ्रो किंवा लिव्होचा पहिला डोस गाडी सुटण्याआधी गेला पाहिजे आणि तो किती वाजता दिला हे चिठ्ठीवर लिहिलेलं पाहिजे. लघवीचा नमुना औषध सुरू झाल्यावर घेतला तरी चालतो, चाचणी बरेच दिवस पॉझिटिव्ह राहते. ती निगेटिव्ह आली म्हणून आजार नाही असंही नाही, ती मुख्यतः सेरोग्रुप १ हा एकच प्रकार पकडते.

घरी आल्यावर

ताप गेला म्हणजे सुटलो, असं होत नाही. नेदरलँड्समधल्या बोव्हनकार्स्पेल इथल्या १९९९ च्या पुष्पप्रदर्शनात साथ आली होती. त्यातून वाचलेल्यांची १७ महिन्यांनी पाहणी केली तेव्हा ७५ टक्के लोकांना थकवा आणि ६६ टक्के लोकांना मज्जासंस्थेच्या तक्रारी होत्या. विसरणं, लक्ष न लागणं, चालताना तोल जाणं यांना ‘वयामुळे’ म्हणून सोडू नका. तोल सरळ होईपर्यंत मोटरसायकल आणि होडी दोन्ही बंद. महिन्याभरात फरक दिसला नाही तर न्यूरोलॉजिस्टना दाखवा, फिजिओथेरपी त्याआधीच सुरू करा.

घरातल्या बाकीच्यांना औषध लागत नाही, हा आजार माणसाकडून माणसाला सहसा होत नाही. तो येतो पाण्याच्या तुषारांतून. २५ ते ४५ अंशांचं साठलेलं कोमट पाणी या जंतूला मानवतं. वर्षभर बंद असलेलं घर चाकरमानी गणपतीला उघडतात तेव्हा टाकी, गीझर, सोलरचे पाइप आणि शॉवर यांत तेच साचलेलं असतं. होमस्टेवाल्यांचीही पावसाळ्यानंतर तीच गत. टाकी धुवा, गीझर ६० अंशांपर्यंत तापवा, सगळे नळ काही मिनिटं वाहू द्या आणि त्या वेळी स्वतः न्हाणीत उभे राहू नका. रुग्णाबरोबर त्याच शॉवरखाली ज्यांनी अंघोळ केली, त्यांना १४ दिवसांत ताप-खोकला आला तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात ‘घरात लीजनेअर्स झाला आहे’ असं सांगा.