पाडव्याचं शुभेच्छापत्र: विकतचा शिक्का, शिक्केवाल्याचा की खोडरबराचा?

विकतच्या शिक्क्यांचा 'वसंत' म्हणून आलेला संच उघडला, तर आत ट्युलिप, डॅफोडिल आणि कान उभारलेला ससा. सुंदर असतात, नाही असं नाही. पण गुढीपाडव्याला नागपूरच्या मावशीला पाठवायच्या कार्डावर ट्युलिप उमटवताना माझा हात अडला. तिच्या घरामागे पळस पेटलेला असतो त्या दिवसांत. तेव्हापासून शिक्के निवडताना माझा पहिला प्रश्न दर्जाचा नसतो, चित्राचा असतो. हवं ते चित्र ज्या प्रकारात मिळेल, तो प्रकार घ्यायचा.

विकतच्यात मुख्य जाती दोन. पहिली लाकडी ठोकळ्यावर बसवलेल्या रबराची. रेघ एकदम स्वच्छ उमटते, कारण रबर आणि लाकूड यांच्यामध्ये फोमची गादी असते आणि दाब सगळीकडे सारखा पोचतो. कुठलीही शाई चालते, वर्षानुवर्षं टिकते. तोटा एकच, पण मोठा: खाली काय दिसतंय ते कळत नाही. 'शुभेच्छा' तिरक्या उमटल्या की सगळं कार्ड वाया. शिवाय ठोकळे जागा खातात.

दुसरी जात पारदर्शक शिक्क्यांची. अ‍ॅक्रिलिकच्या ठोकळ्यावर चिकटवायचे, वापरून झाले की सोलून परत प्लास्टिकवर ठेवायचे. आरपार दिसतं, त्यामुळे नवशिक्याला हेच सोपे. नवा शिक्का मात्र शाई धरत नाही, थेंब थेंब होतात. खोडरबराने हलकेच घासून घेतला की ताळ्यावर येतो. यांना ऊन सोसत नाही. मी एक संच खिडकीजवळच्या फळीवर विसरले, तर दोन उन्हाळ्यांत पिवळा पडला आणि कडेने चिकट झाला. घेताना 'फोटोपॉलिमर' (प्रकाशाने घट्ट केलेलं प्लास्टिक) लिहिलंय का बघा. स्वस्तातल्या संचांची रेघ बऱ्याचदा बोथट येते.

दोन्हींत मराठी अक्षरं जवळपास नाहीतच. आणि इथेच तो माणूस कामाला येतो ज्याच्याकडे आपण फक्त सोसायटीच्या सेक्रेटरीचा शिक्का करायला जातो.

गावोगावच्या शिक्केवाल्याला देवनागरी रोजची. जोडाक्षरं, रफार, अनुस्वार त्याच्या हाताखालून हजारदा गेलेले. मी 'चैत्र पाडव्याच्या शुभेच्छा' एवढंच लिहून नेलं, तर त्याने कागद उलटसुलट करून विचारलं, "ताई, खाली सहीला जागा नको?" तारीख फिरती हवी का, हेही विचारून झालं. पण शिक्का असा दिला की 'च्छा'मधली पोकळीसुद्धा भरली नाही. त्याला नुसती अक्षरं नाही, चित्रही देता येतं. पांढऱ्या कागदावर काळ्या पेनाने ठसठशीत काढा. करड्या छटा, पेन्सिलीचं शेडिंग चालत नाही. रेघ बॉलपेनच्या रेघेपेक्षा जाड ठेवा आणि अक्षरं फार बारीक करायला सांगू नका, नाहीतर अनुस्वार शाईने बुजतो. आणि आवर्जून सांगा की आत शाई भरलेला शिक्का नको, पॅडवर टेकवायचा हवा. आतल्या शाईचा घेतलात तर जन्मभर त्या एकाच रंगात शुभेच्छा द्याव्या लागतील.

उरलं खोडरबर. माझा जीव यात आहे, हे आधीच कबूल करते, म्हणजे पुढचं त्या हिशेबाने वाचाल.

पाच-दहा रुपयांचं, भुगा न होणारं पांढरं खोडरबर घ्या. बटरपेपरवर मऊ पेन्सिलीने चित्र काढा, तो पालथा रबरावर ठेवून नखाने घासा. चित्र आपोआप उलटं उतरतं आणि कागदावर सुलटं उमटतं. मग लिनोकामाच्या, म्हणजे लिनोलियम कोरून ठसे करायच्या कामाच्या, छोट्या पटाशीने, ती नसेल तर कटरच्या टोकाने, पांढरा भाग काढत जायचा. पातं बाहेरच्या बाजूला तिरकं धरा, म्हणजे रेघेचा पाया रुंद राहतो. सरळ उभं कापलं तर दाबल्यावर रेघ वाकते.

आणि पळस तर यासाठीच जन्मलाय. फुलाला पोपटाच्या चोचीसारखा बाक आहे. संस्कृतात त्याला किंशुक म्हणतात ते त्यावरूनच, हा पोपट तर नव्हे? तो एक बाक कोरला की झालं. फुलायच्या वेळी झाडावर पानं जवळपास नसतात, म्हणून काळपट रंगाची एक वाकडी फांदी हाताने ओढायची आणि तिच्यावर तोच ठसा फिरवत फिरवत द्यायचा. दर दुसऱ्या ठशाला पुन्हा शाई न लावता उमटवा; फिका पडतो आणि मागची फुलं मागे जातात. बहाव्याचे घोस करायचा मोहही होतो, पण पिवळा पांढऱ्या कागदावर दिसत नाही आणि बहावा फुलतोही पाडव्यानंतर.

चैत्रांगणाची चिन्हं काढायची असतील तरी खोडरबरच. शंख, चक्र, कमळ, गोपद्मं, चंद्र, सूर्य, पालखी असं एकेक कोरायचं आणि कार्डावर अंगणासारखं मांडायचं. बारीक जाळी, नथीचे मोती असलं काही मात्र यात जमणार नाही, आणि अक्षरं तर मुळीच कोरू नका. तयार शिक्के कागदात गुंडाळून ठेवा. कंपासपेटीत पट्टीला चिकटून बसलेलं खोडरबर आठवतंय ना? प्लास्टिकच्या डबीत तेच होतं.

कागदानेही निवड बदलते. आयव्हरी कार्डशीटवर चारही प्रकार नीट उमटतात. ए-५ चा कागद दुमडला की ए-६ चं कार्ड होतं, त्याला २५० ते ३०० जीएसएमची (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाची) जाडी पुरते. पण हातकागदाच्या खडबडीत पृष्ठावर बारीक रेघा तुटतात. तिथे खोडरबराचा ठसठशीत ठसा शोभतो, थोडा सुटला तरी बघणाऱ्याला तो मुद्दाम केलेला वाटतो.

शाईचं थोडक्यात: डाय शाई कागदात मुरते आणि लगेच सुकते. पिगमेंट शाई कागदाच्या वर राहते, सुकायला वेळ घेते, पण गडद कागदावर उठून दिसते आणि एम्बॉसिंग पावडर (तापवल्यावर वितळून उठाव देणारी भुकटी) धरते. वरून जलरंग भरणार असाल तर जलरोधक लिहिलेलीच घ्या. कार्यालयी जांभळ्या पॅडच्या वाटेला जाऊ नका. कार्ड नव्हे, पोचपावती वाटते.

चार-पाच कार्डं करायची असतील तर फुलं खोडरबराची आणि अक्षरं हाताने लिहा. तीस-चाळीस असतील तर अक्षरांचा शिक्का करून घेणं परवडतं, तो पुढच्या वर्षीही चालतो. लहान मुलं सोबत बसणार असतील तर पारदर्शक संच आणा, कटर लपवा. लाकडी ठोकळे मी आता नव्याने घेत नाही. आणि शिक्केवाल्याकडे होळीच्या आधीच जा. आमच्याकडचा मार्चअखेर कचेऱ्यांच्या शिक्क्यांत असा बुडालेला असतो की पाडव्याचा शिक्का त्याने मला एकदा रामनवमीला दिला.