वेबक्वेस्ट : इंग्रजीच्या तासाला कितपत उपयोगी?

मराठी माध्यमाच्या शाळेत माध्यमिक वर्गांना इंग्रजी शिकवताना वेबक्वेस्ट, म्हणजे शिक्षकाने निवडून दिलेल्या संकेतस्थळांवरची माहिती वापरून मुलांनी एखादे कार्य पूर्ण करण्याची पद्धत, मी वापरत आले आहे. ती वापरण्याच्या विचारात असलेल्या शिक्षकांसाठी तिचे हे परीक्षण. माझे मत अनुकूल आहे, पण एका अटीवर : वेबक्वेस्ट शिक्षकाने स्वतः, आपल्या वर्गातील मुलांचे वाचन किती पोचते हे पाहून तयार केलेला असावा. इंटरनेटवर तयार मिळणाऱ्या वेबक्वेस्टपैकी फार थोडे आपल्या वर्गात जसेच्या तसे चालतात.

याचे कारण या पद्धतीच्या उगमाशीच आहे. कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो स्टेट युनिव्हर्सिटीचे बर्नी डॉज यांनी टॉम मार्च यांच्या साथीने १९९५ साली तिची मांडणी केली. मुलांना नुसते ‘माहिती शोधा’ असे सांगून इंटरनेटवर मोकळे सोडले, तर सगळा तास शोधण्यातच जातो. त्याऐवजी संकेतस्थळांचे दुवे शिक्षकाने आधीच निवडून द्यावेत आणि मुलांनी आपला वेळ ती माहिती पारखण्यात व वापरण्यात घालवावा, हा तिचा गाभा आहे. प्रस्तावना, कार्य, प्रक्रिया, साधने, मूल्यमापन आणि समारोप हे तिचे ठरलेले भाग. मात्र ती घडली ती अमेरिकी शाळांतील इतिहास, विज्ञान यांसारख्या विषयांसाठी. तेथे इंग्रजी हे शिकण्याचे माध्यम होते, शिकण्याची वस्तू नव्हती. त्यामुळे तेथील सातवीच्या मुलासाठी निवडलेला मजकूर आपल्या नववीच्या मुलापुढे ठेवला, की पहिल्याच परिच्छेदात तो अडखळतो आणि शेजाऱ्याच्या वहीत डोकावू लागतो. शिवाय जुन्या वेबक्वेस्टमधील अनेक दुवे आज मृत आहेत, आणि २०२० च्या अखेरीस फ्लॅश हे सॉफ्टवेअर बंद झाल्यावर त्यावर चालणारी हलती चित्रे व खेळही गेले. इंटरनेटवरील जुनी पाने जतन करणाऱ्या वेबॅक मशीनवर त्यांतली काही सापडतात, पण वर्ग भरलेला असताना तो शोध घेत बसणे व्यवहार्य नाही.

स्वतः तयार केलेल्या वेबक्वेस्टपैकी सर्वांत चांगला अनुभव देणारे कार्य असे : परदेशातून एक पाहुणा छत्रपती संभाजीनगरला सोमवारी सकाळी येतो आणि मंगळवारी रात्री परततो, या दोन दिवसांत त्याला अजिंठा आणि वेरूळ दोन्ही दाखवायचे आहे, तर त्याच्यासाठी इंग्रजीत कार्यक्रम आखून तो तोंडी समजावून सांगा. वरवर हा सहलीचा साधा बेत वाटतो. पण अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळची मंगळवारी, त्यामुळे दोन क्रमांपैकी एकच जमतो. वेरूळ शहरापासून साधारण ३० किलोमीटर, तर अजिंठा १०० किलोमीटरच्या आसपास. अजिंठ्याला खासगी वाहन फर्दापूरच्या फाट्याशी सोडून पुढे बसने जावे लागते. कैलास लेणे पाहायला किती वेळ ठेवायचा, हेही ठरवायचे असते. हे सारे वेगवेगळ्या पानांवर विखुरलेले असल्यामुळे इंग्रजी नीट वाचल्याशिवाय उत्तर मिळत नाही. दोन्ही लेण्यांची १९८३ साली जागतिक वारसा यादीत नोंद झाली, त्यामुळे युनेस्कोचे पानही मी दिले होते. तेथील भाषा मात्र जड आहे, आणि त्यातील एकच परिच्छेद देणे पुरेसे ठरते.

भाषेच्या दृष्टीने खरा प्रश्न पुढेच येतो. चार मुलांच्या गटात चर्चा मराठीतच होते, आणि इंग्रजी उरते ते शेवटच्या तक्त्यापुरते. मराठी बोलण्यावर बंदी घालण्याच्या मी विरोधात आहे. बंदी घातली की मुले इंग्रजी बोलत नाहीत, गप्प बसतात. त्याऐवजी प्रत्येकाला वेगळे पान वाचायला द्यावे, आणि जोडीदाराकडची माहिती इंग्रजीत प्रश्न विचारूनच मिळेल अशी कोष्टके भरायला द्यावीत. सोबत ‘वुई शुड व्हिजिट... फर्स्ट बिकॉज...’ अशा अर्धवट वाक्यांची एक पट्टी हवी. मूळ मांडणीत विचारांना आधार देण्यावर भर आहे. भाषेचा हा आधार आपला आपल्याला जोडावा लागतो, आणि तो नसेल तर वेबक्वेस्ट हा इंग्रजीचा तास न राहता भूगोलाचा तास होतो.

गुणांकनाचा तक्ता मुलांच्या हाती आधीच देण्याची या पद्धतीतील रीत मला फार आवडते. त्यात आशयाचे आणि भाषेचे गुण वेगळे ठेवावेत, नाहीतर व्याकरणात कच्चा असलेला पण बेत अचूक जुळवणारा मुलगा हकनाक मागे पडतो.

भाषांतराची साधने आणि एआय चॅटबॉट हातात आल्यापासून ‘अजिंठ्याविषयी माहिती लिहा’ या थाटाचे कार्य निरर्थक झाले आहे. पाहुण्याचा कार्यक्रमही चॅटबॉट आखून देईल, हे मान्य. म्हणून सादरीकरणाच्या वेळी मी अट बदलते : पाहुणा एक दिवस उशिरा आला तर? तेव्हा मंगळवारी अजिंठा आणि बुधवारी वेरूळ, असा क्रम उलटावा लागतो. ज्याने पाने वाचली आहेत तो तुटक्या इंग्रजीत का होईना, पण लगेच उत्तर देतो. ज्याने उतरवून आणले आहे तो कागद चाळत राहतो.

तयार करण्याच्या साधनांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. डॉज यांचे क्वेस्टगार्डन किंवा झुनल यांसारख्या सेवा खास याच कामासाठी उभ्या राहिल्या आणि त्यांचा साचा नवख्या शिक्षकाला वाट दाखवतो, पण गुगल साइट्सवरील एक पानही तेच काम करते. संगणक कक्षात यंत्रे कमी असतील तर गटाला एक यंत्र पुरते, आणि वीज वा इंटरनेट दगा देईल या हिशेबाने निवडलेल्या पानांच्या छापील प्रती मी नेहमी जवळ ठेवते.

डॉज यांनी छोट्या वेबक्वेस्टला एक ते तीन तासिका सांगितल्या आहेत. आपल्या वर्गात त्याच्या दुप्पट वेळ धरावा. पाचवी-सहावीला ही पद्धत वापरू नये, कारण तेथे वाचनातच दम जातो. आठवीपासून पुढे वर्षातून दोनदा ती जरूर वापरावी. खर्च काही नाही, मात्र तयारीला दोन-तीन संध्याकाळी लागतात. पुढच्या वर्षी तेच पान चालते, फक्त दुवे आणि लेण्यांचे सुटीचे वार पुन्हा तपासून घ्यावेत.